.३०८ च्या पुंगळ्या पुन्हा भरताना: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काय हवंय ते आधी लिहून ठेवतो. एकाच बोल्ट-ॲक्शन (दर बाराला हाताने बोल्ट ओढून भरायच्या) रायफलीसाठी .३०८ विंचेस्टर या मापात, उडालेल्या पितळी पुंगळ्यांत नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी भरून, दोन काडतुसं बसवायची आहेत. एक ३०० मीटरच्या लक्ष्यासाठी, दुसरं शिकारीसाठी. दोन्हींची परीक्षा वेगळी. लक्ष्यावर गोळीमागून गोळी एकाच जागी जायला हवी. रानात नळी थंड असताना सुटलेली पहिली गोळी हीच सगळी परीक्षा. त्यामुळे 'सगळ्यात लहान ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) देणारा भार (पावडरीचं वजन) शोधणं' हे ध्येय धरत नाही. तसा ग्रुप कधीतरी लागतोच. तो पुढच्या वेळी परत येईल का, हा खरा प्रश्न.

आकडेमोड अशी: एक एमओए (कोनाच्या अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २९ मिमी, ३०० मीटरवर ८७ मिमी. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०० मिमी व्यासाचं असतं. म्हणजे एक एमओएचं काडतूस वारा पडलेला असताना दहात बसतं खरं, पण वाऱ्यासाठी आणि नेमबाजासाठी काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून पाऊण एमओए, तोही दहा गोळ्यांच्या ग्रुपमध्ये. शिकारीच्या काडतुसाला इतकी ओढाताण नको. हरणाएवढ्या जनावराचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र साधारण वीतभर. दीडशे मीटरच्या आत दीड एमओए पुरतो, मात्र तो कुठल्याही हवेत आणि पहिल्याच गोळीला मिळायला हवा.

पावडरीच्या भाराचे आकडे या नोंदींत मुद्दाम देत नाही. दुसऱ्याच्या वहीतला भार आपल्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) घालायचा नसतो. पावडर किंवा गोळी बनवणाऱ्याचं चालू मॅन्युअल उघडायचं, त्यातल्या सुरुवातीच्या भारापासून चढत जायचं आणि कमाल आकड्याला हात लावायची घाई करायची नाही. .३०८ साठी सामी या अमेरिकी उद्योगसंस्थेच्या मानकात कमाल दाब ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. हा दाब आपल्या चेहऱ्यापासून हातभरही लांब नसतो. परवाना, पावडर साठवण्याची मर्यादा आणि घरी काडतूस भरायची मुभा आहे की नाही, हे सगळं ज्याने त्याने आपल्या कायद्यात आधी पाहायचं.

७ जानेवारी

पुंगळ्या निवडल्या. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या, आणि याच रायफलीतून उडालेल्या. वेगवेगळ्या छापाच्या पुंगळ्या एकत्र केल्या की आतली जागा वेगवेगळी होते. लष्करी ७.६२ च्या पुंगळीची भिंत बहुधा जाड असते, त्यामुळे तोच भार तिच्यात जास्त दाब देतो. अशा सगळ्या बाजूला काढल्या.

नंतर तारेची तपासणी. बारीक तारेच्या टोकाला काटकोनात छोटा आकडा वळवायचा आणि पुंगळीच्या आत, बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर, भिंतीवरून फिरवायचा. जिथे पितळ ताणून पातळ झालंय तिथे आकडा खाचेत अडकल्यासारखा अडखळतो. बाहेरून त्याच जागी कधी कधी चकचकीत पट्टा दिसतो. अशी पुंगळी पुढच्या एखाद्या बाराला बुडापासून सुटते आणि तापलेला वायू बोल्टकडे येतो. ज्यांत आकडा अडखळला त्यांची तोंडं पक्कडीने चेपून टाकली, म्हणजे चुकूनही परत पेटीत यायच्या नाहीत.

१२ जानेवारी

जुने प्रायमर काढून पुंगळ्या स्टीलच्या पिनांसोबत ड्रममध्ये फिरवल्या. धुऊन मंद उष्णतेवर वाळवल्या. आरशासारखी चमक हे इथे ध्येयच नाही. मानेच्या (गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाच्या) आतली काजळी पूर्ण गेली तर कोरडं पितळ गोळीला घट्ट धरतं आणि प्रत्येक पुंगळी वेगळ्या जोराने धरते. म्हणून धुतल्यावर मानेच्या आत ग्रॅफाइटचा हलका हात दिला.

पितळ चमकवण्याची काही द्रावणं अमोनियायुक्त असतात. ती इथे अजिबात नकोत. यामागे जुना इतिहास आहे. ब्रिटिश सैन्य भारतात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचं, आणि पावसाळा सरला की पुंगळ्या चिरलेल्या निघायच्या, विशेषतः जिथे मान गोळीवर आवळलेली असते तिथे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि थंड घडाईने पितळात राहून गेलेला ताण, या तिघांनी मिळून ते व्हायचं. नेमकं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवलं. आज आपण काडतूस तबेल्यात ठेवत नाही, पण चुकीच्या पॉलिशची बाटली तेच काम शांतपणे करते.

१४ जानेवारी

ॲनीलिंग. या प्रकल्पात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. प्रत्येक बाराला मान फुगते, डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) परत आवळली जाते, गोळी बसवताना पुन्हा ताणली जाते. या वाकावाकीने पितळ कडक होत जातं. कडक मान आवळली तरी थोडी परत उघडते, आणि प्रत्येक पुंगळी वेगवेगळी उघडते. मग एक मान गोळीला सैल धरते, दुसरी घट्ट. पावडर दशांश ग्रेनपर्यंत (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) तोलली तरी हा फरक भरून निघत नाही. पुढे पुढे मान उभी चिरते.

उपाय म्हणजे मान आणि खांदा (मानेखालचा उतार) काही सेकंद तापवून पितळ परत मऊ करायचं. बूड मात्र कडकच राहायला हवं, कारण सगळा दाब तेच झेलतं. बुडापर्यंत उष्णता गेली तर पुंगळी भंगारात. मी पुंगळी खोल कपाच्या सॉकेटमध्ये उभी करून ड्रिलवर संथ फिरवतो, ज्योत मान आणि खांद्याच्या सांध्यावर धरतो. खोली अंधारी ठेवतो. पहिल्या बाद पुंगळीला आत तापमान दाखवणारा रंग लावून वेळ ठरवली. रंग वितळतो त्या क्षणी मोजणी थांबवायची, आणि बाकीच्या सगळ्या तेवढ्याच वेळात काढायच्या. मानेवर निळसर-तपकिरी छटा खांद्याच्या किंचित खाली येऊन थांबली की काम झालं. नारिंगी धग दिसेपर्यंत तापवलं तर पितळ फार मऊ पडतं आणि गोळी धरून ठेवत नाही. तापलेली पुंगळी पाण्यात टाकली काय किंवा हवेत निवू दिली काय, मऊपणात फरक नाही. पोलादासारखं पितळ पाण्याने कडक होत नाही. पाण्याचा उपयोग उष्णता बुडाकडे जाऊ नये एवढाच.

निम्म्या पुंगळ्या मुद्दाम न तापवता वेगळ्या डब्यात ठेवल्या. तुलना करायला काहीतरी हवं.

१९ जानेवारी

साइझिंग, म्हणजे उडून फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून परत मापात आणणं. डाय किती खाली आणायची हे डायसोबतच्या कागदावर न पाहता पुंगळीवर पाहायचं. याच रायफलीतून उडालेल्या पुंगळीचा खांदा कॉम्पॅरेटर या मोजायच्या साधनाने मोजला, मग डाय थोडी थोडी खाली आणत खांदा ०.०४ मिमी मागे बसवला. एवढं पुरतं. बोल्ट विनासायास मिटतो आणि पुंगळीला ताणायला फारशी जागा मिळत नाही. खांदा दरवेळी गरजेपेक्षा जास्त ढकलला की बाराला पुंगळी पुढे सरकते, पुढचा भाग चेंबरला चिकटतो, मागचा भाग बोल्टकडे ताणला जातो. त्या सेंटिमीटरभर वरच्या पट्ट्याचं मूळ इथे आहे.

शिकारीच्या पुंगळ्यांना मी ०.०५ मिमी दिला. रानात धूळ, ओल, गार पडलेली बोटं. बोल्ट एका झटक्यात मिटायलाच हवा. त्यासाठी पुंगळीचं आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल.

डायमधला एक्सपांडरचा (मान आतून रुंद करणारा) गोळा काढून ठेवला. तो मानेतून वर खेचला जाताना मान कधी कधी अक्षातून सरकवतो. त्याऐवजी नंतर वरून मँड्रेल (मापाचा गुळगुळीत दांडा) घातला. गोळीपेक्षा मानेचा आतला व्यास ०.०५ मिमी कमी, सगळ्यांत सारखा. मँड्रेल तापवलेल्या पुंगळीत एकसारख्या दाबाने जातो, न तापवलेल्यांत कुठे सहज, कुठे रेटून. प्रेसचा दांडा हातातच ते सांगतो.

२० जानेवारी

ट्रिमिंग, म्हणजे पुंगळीचं तोंड कापून लांबी सारखी करणं. कमाल लांबी ५१.१८ मिमी. सगळ्या ५०.९३ ला आणल्या, कडा आतून-बाहेरून मोडल्या. लांब मान चेंबरच्या टोकाला टेकली तर गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो, म्हणून हे काम रटाळ असलं तरी सोडायचं नाही.

२५ जानेवारी

प्रायमर हातातल्या यंत्राने बसवले. बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत, प्रायमरमधली ऐरण पुंगळीच्या खोबणीच्या तळाला टेकलेली. वर राहिलेला प्रायमर पहिल्या आघातात आधी खाली बसतो आणि मग पेटतो, कधी पेटतच नाही. चष्मा डोळ्यांवर, प्रायमरचा डबा एका वेळी एकच उघडा.

पावडरीचा नियमही तसाच. टेबलावर पावडरीचा एकच डबा. काम संपलं की उरलेली त्याच डब्यात, आणि मापकाच्या नळकांड्यात रात्रभर काही ठेवायचं नाही. तराजू तासभर आधी चालू केला, पंखा बंद, तपासणीचं वजन सुरुवातीला आणि मधे मधे. लांबट दाण्यांच्या पावडरीचा एक दाणा साधारण दोन-तीन शतांश ग्रेनचा असतो. म्हणजे दशांश ग्रेन म्हणजे चार-पाच दाणे. चिमट्याने एकेक दाणा टाकत बसण्यात मला अर्थ दिसत नाही; दशांशाच्या आत राहिलं की वेगातला उरलेला फरक मानेतून आणि प्रायमरमधून येतो.

सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून वरून विजेरी मारली. एकेक ओळ, पावडरीची उंची सारखी आहे ना ते पाहिलं. मगच पहिली गोळी उचलली.

२६ जानेवारी

गोळीचा मेळ नळीच्या पिळाशी, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या सर्पिल खाचांशी. ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र अजून पहिल्या अंदाजाला पुरतं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी. व्यास ७.८२ मिमी, गोळी ३१ मिमी लांब. उत्तर २९६ मिमी, म्हणजे तेवढ्या लांबीत निदान एक फेरा हवा. माझी नळी २५४ मिमीत एक फेरा देते. म्हणजे हात राखून आहे. ३०५ मिमीत फेरा देणाऱ्या नळीत हीच गोळी काठावर आली असती. वजन पाहून गोळी निवडतात, पण पिळाचा प्रश्न लांबीचा असतो.

२ फेब्रुवारी

रेंजवर पहिला दिवस. थंडी, वारा जवळजवळ नाही. सुरुवातीच्या भारापासून तीन पायऱ्या, सगळ्या मॅन्युअलच्या कमालच्या खाली. प्रत्येक बारानंतर पुंगळी उचलून पाहिली: प्रायमरची कड गोल आहे का, पिनेच्या खुणेभोवती कंगोरा उठलाय का, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) ठसा आहे का, बोल्ट उचलायला जड जातो का. काही नव्हतं. तरी ही लक्षणं दिसत नाहीत म्हणजे दाब सुरक्षित, असं मानायचं नाही. बहुतेक वेळा ती मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग मॅन्युअलपेक्षा जास्त आला तर बुडावर ठसा नसला तरी थांबायचं.

१०० मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप: २६, २४ आणि २८ मिमी.

३ फेब्रुवारी

कालच्या तीन आकड्यांतून २४ वाला भार 'सापडला' असं लिहायचा मोह होतो. त्या कागदांत तसं काहीच नाही.

ग्रुपची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी फक्त दोन गोळ्या ठरवतात. बाकीच्या आठांची माहिती वाया जाते. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप वाढतोच. त्याच रायफलीचा, त्याच काडतुसाचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा पावपट मोठा येतो, आणि दहाचा पाचपेक्षा पुन्हा पावपट मोठा. म्हणून कुणी तीन गोळ्यांवर 'अर्धा एमओए' म्हणत असेल तर त्याच रायफलीकडून दहा गोळ्यांत पाऊणच्या पुढचीच अपेक्षा ठेवावी. यात रायफल वाईट ठरत नाही, मोजणी प्रामाणिक होते.

वेगाच्या एसडीचं (प्रमाण विचलनाचं, म्हणजे वेग सरासरीभोवती किती पसरतात त्याचं) तर आणखी कठीण. पाच गोळ्यांवरून एसडी सेकंदाला ४ मीटर आला, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा आकडा २.४ ते ११.५ च्या दरम्यान आहे. इतक्या रुंद दारातून कुठलाही भार आत येतो. पाच-पाच गोळ्यांच्या पायऱ्या चढवत 'सपाट जागा' (भार बदलला तरी वेग फारसा बदलत नाही अशी) शोधणारे बरेच जण या दारातूनच फिरत असतात, आणि दर वेळी त्यांना नवी सपाट जागा मिळते.

म्हणून पद्धत ठरवली. प्रत्येक गोळीचं केंद्रापासूनचं अंतर मोजायचं आणि सरासरी काढायची, म्हणजे प्रत्येक छिद्र हिशेबात येतं. एकाच काडतुसाचे वेगवेगळ्या दिवसांचे कागद एकावर एक ठेवून एकच मोठा ग्रुप धरायचा. तिन्ही भारांपैकी मधला घेतला, कारण पुढे-मागे थोडी जागा राहते. त्याचा ग्रुप सर्वांत लहान होता हे कारण नाही.

९ फेब्रुवारी

गोळी किती खोल बसवायची. रायफलिंगच्या (नळीतल्या त्याच खाचांच्या) सुरुवातीपासून अर्धा, एक आणि दीड मिमी मागे, असे तीन प्रकार. मोजणी गोळीच्या टोकापासून न करता कॉम्पॅरेटरने ओजाइव्हवर (गोळीच्या निमुळत्या होत जाणाऱ्या भागावर) केली. मॅच (स्पर्धेच्या) गोळ्यांची टोकं एकमेकींशी जुळत नाहीत. रायफलिंगला टेकवून बसवणं टाळलं. टेकलेली गोळी दाब वाढवते. शिकारीत तर आणखी धोका: न उडवता काडतूस काढायला गेलं तर गोळी नळीत अडकून राहते आणि पावडर ॲक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) सांडते.

तीन प्रकारांत फरक दिसला नाही, म्हणजे या मोजणीत दिसावा इतका नाही. लक्ष्याच्या काडतुसाला एक मिमी, शिकारीच्याला दीड. दोन्ही मॅगझिनमधून अडखळल्याशिवाय चढतात, निवड त्यावर झाली.

१६ फेब्रुवारी

आता मुख्य तुलना. तापवलेल्या पुंगळ्या एका बाजूला, न तापवलेल्या दुसऱ्या बाजूला. भार, गोळी, प्रायमर, गोळी बसवण्याची खोली सगळं सारखं. आळीपाळीने उडवल्या, म्हणजे नळी तापण्याचा परिणाम दोन्हींवर सारखा. दोन्ही बाजूंना ३० वेग नोंदवले. न तापवलेल्यांचा एसडी ५.८, तापवलेल्यांचा ३.९ मीटर प्रतिसेकंद.

१०० मीटरवर याचं काही दिसत नाही. वेगातला १० मीटरचा फरक तिथे जेमतेम दोन मिमी खाली-वर करतो. ३०० मीटरवर तोच दोनेक सेंटिमीटरचा होतो, ६०० वर दहाच्या आसपास. दहा गोळ्यांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातलं अंतर साधारण एसडीच्या तिप्पट धरलं, तर ३०० मीटरवर उभा पसारा चार सेंटिमीटरवरून अडीचवर येतो. दहा सेंटिमीटरच्या वर्तुळात दीड सेंटिमीटर परत मिळणं मी फार मोठं मानतो. भाराची पायरी बदलून मला हे मिळालं नव्हतं. ते मानेतून मिळालं.

२ मार्च

शिकारीचं काडतूस. लक्ष्यासाठीची पोकळ टोकाची मॅच गोळी इथे वापरणार नाही. तिचं टोक पोकळ असतं ते बनवण्याच्या पद्धतीमुळे; आत गेल्यावर फुलावं म्हणून नाही. कधी ती सरळ आरपार जाते, कधी वरवरच फुटते. दोन्हींत जनावर जखमी होऊन लांब जातं. शिकारीची गोळी फुलण्यासाठीच घडवलेली असते आणि तिला किमान वेग लागतो. बऱ्याच गोळ्यांसाठी तो ५५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास. नेमका आकडा गोळी बनवणाऱ्याचा पाहायचा. अंतराची मर्यादा या आकड्यावरून ठरते. ग्रुप कितीही चांगला असला तरी गोळी जिथे फुलत नाही तिथे बार टाकायचा नाही.

गोळी बदलली म्हणून भार पुन्हा सुरुवातीपासून. वजन सारखं असलं तरी जॅकेट (गोळीवरचं धातूचं आवरण) आणि अंगाची लांबी वेगळी असते, दाब वेगळा येतो.

९ मार्च

रेंजवर गेलो की पहिली गोळी एका वेगळ्या कागदावर टाकतो. नळी थंड, माझा खांदा थंड, आधी सराव नाही. तो कागद परत गुंडाळून घरी आणतो आणि पुढच्या वेळी तोच लावतो. हळूहळू त्यावर पहिल्या गोळ्यांचाच ग्रुप तयार होतोय. शिकारीच्या काडतुसासाठी मला दुसरा कुठलाही ग्रुप नको.

तेल लावलेल्या, पुसून चकचकीत केलेल्या नळीतली पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा साधारण ३ सेंटिमीटर वर गेली. म्हणून शिकारीपूर्वी नळी धुवायची नाही. तेल असेल तर कोरड्या फडक्याने पूर्ण काढायचं, रेंजवर एक-दोन गोळ्या उडवून तशीच ठेवायची. अशा नळीतल्या पहिल्या गोळ्या कागदावर दीड एमओएच्या आत पडताहेत.

१६ मार्च

लक्ष्याचं काडतूस ३०० मीटरवर. डावीकडून झुळूक, कधी पडते कधी उठते. उभा पसारा ५१ मिमी, आडवा ८० च्या वर. काडतुसाने त्याचं काम केलंय; आडवा भाग वाऱ्याचा आणि वारा वाचण्याचा आहे, त्याला प्रेसवर उत्तर नाही. भारात आता हात घालणार नाही.

प्रत्येक पेटीवर चिठ्ठी चिकटवली: गोळी, पावडर आणि तिचा लॉट, प्रायमर, खांदा किती मागे, ओजाइव्हपर्यंतची लांबी, पुंगळीची कितवी भरणी, शेवटचं ॲनीलिंग कधी. पावडरीचा लॉट बदलला की पुन्हा सुरुवातीच्या भारावर. पुढच्या भरणीला सगळ्याच पुंगळ्या तापवायच्या. प्रायमर बसवताना हाताला सैल लागला तर ती पुंगळी तिथेच चेपायची. ६०० मीटरची परवानगी मिळाली की क्रोनोग्राफचे आकडे उभ्या पसाऱ्याशी ताडून पाहायचे आहेत.